दालेतचा कोपरा

लतीफे कत्तान आली जुलैच्या थंडीत,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
घरादाराचे सात मेझुझा घेऊन.
चौकटींवरून उचकटताना निघालेला निळा रंग
खिळ्यांना अजून चिकटलेला.

"दुकान जळालं," ती म्हणाली,
"बटणं, चेनी, अस्तरं, सगळं.
मुरादला आठवड्यातून तीनदा यंत्रावर निजवतात.
यातलं कुठलंतरी अक्षर तुटलं असणार, सेन्योर शायो.
शोधा."

ब्युनोस आयर्सच्या या गल्लीत
तीस वर्षं हेच करतो मी.
कातड्याच्या चिठोऱ्या उलगडतो,
भिंगाखाली अक्षरांची नाडी बघतो.
एकेका चिठोरीत सातशे तेरा.
एक तडकलं तरी सगळी रद्द.
आणि राहून गेलेलं अक्षर मागाहून घुसडता येत नाही.
इथे क्रम म्हणजे क्रम.

ती समोर बसून राहिली.
वेलदोड्याची कॉफी दिली, तिने प्यायली नाही.
"यातच लिहिलंय ना," ती म्हणाली,
"ऐकाल तर पाऊस वेळेवर?
मी ऐकलं."
मी मान वर केली नाही.
आम्ही तर पाऊसही मागतो तो
तिकडच्या ऋतूत, तिकडच्या जमिनीसाठी,
इथे उन्हाळा तापत असताना.

'एक' या शब्दापाशी मी नेहमी थांबतो.
त्याचं शेवटचं अक्षर दालेत.
दालेतच्या खांद्याचा कोपरा झिजला
की त्याचं रेश होतं,
आणि देव एक आहे म्हणणारी ओळ
देव दुसरा आहे म्हणू लागते.
माशीच्या पायाएवढी शाई.
तेवढ्यावर सगळं.

सातही दालेत खणखणीत.

तिला चूक हवी होती.
लहानशी, पैसे देऊन बदलता येईल अशी,
म्हणजे आगीला पत्ता मिळाला असता.
मागे एका शिंप्याला मी ती दिली होती.
नसलेली भेग नखाने दाखवली,
नवी चिठोरी विकली.
तो हलका होऊन गेला.
मी त्या रात्री माझ्याच चौकटीला
हात न लावता आत शिरलो.

आणि झाकिये गेली तेव्हा,
माझी झाकिये, नऊ वर्षांची,
मी स्वतःच्या दारावरची चिठोरी
अकरा वेळा तपासली.
अकराही वेळा निर्दोष.
बाराव्यांदा भिंग उचललं ते
अक्षरासाठी नव्हतं,
त्याला रंगेहाथ धरायला होतं.
तेव्हा कळलं नाही, आज
या बाईच्या थंड कॉफीसमोर कळलं:
कोपरा कातड्यावरचा नव्हताच झिजला.
देणारा एक आणि नेणारा दुसरा
असं मीच वाचत आलो इतकी वर्षं.

"काही सापडलं?"
"नाही," मी म्हणालो. "सगळी अक्षरं शाबूत आहेत."
"मग?"
मगचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
"मग परत लावू या," मी म्हणालो,
आणि हातोडी पिशवीत टाकली.

सहा दारं झाली.
उभा मेझुझा, उजव्या हाताला, वरच्या तिसऱ्या भागात.
मुराद खाटेवरून आशीर्वादाला आमेन म्हणत राहिला,
एकदा थोडा लवकरच.

सातवं दार दुकानाचं.
म्हणजे कोळशासारखी चौकट,
मागे ओल्या राखेचा वास,
आणि वर आभाळ.
"छप्पर नाही," मी म्हणालो.
"छप्पर नसेल तिथे मेझुझा नाही. नियम आहे."
"छप्पर येईल."
"आल्यावर लावू."
ती हलली नाही.
हातात डबा, डब्यात एकच चिठोरी
पोरासारखी खुळखुळत होती.

नियम मोडणं मला जमत नाही.
तिला परत पाठवणंही जमेना.
काजळी खरवडली, खाली लाकूड
अजून पिवळं होतं.
खिळा ठोकला.
फक्त खिळा.

तिने बोटाने तो दाबून बघितला,
घट्ट आहे ना म्हणून,
आणि तेच बोट
ओठांना लावलं.