मार्गिका

शाळेचा टाइप प्लॅन माझ्या हाताला पाठ होता:
चार खोल्या एका रांगेत, पुढं व्हरांडा,
टोकाला मुख्याध्यापक,
मुख्याध्यापकाच्या पाठीशी लोखंडी कपाट,
कपाटात पुस्तकं, पुस्तकांवर कुलूप.
चोपडा तालुक्यात अशा एकोणीस शाळा बांधल्या मी.
एकीचंही कपाट उघडं पाहिलं नाही.

विसाव्या शाळेला हुरमतबाई तडवी आडव्या आल्या.
म्हणाल्या, फालक भाऊसाहेब,
या वेळी नकाशा कपाटापासून काढा.
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
खडू घेऊन जुन्या शाळेच्या फरशीवर
आधी त्यांनी एक मोठं रिकामं काढलं,
मग त्याच्या कडेनं, भिंतीला गोवऱ्या थापाव्यात तसे,
चार वर्ग चिकटवले.
पाण्याला जायचं? पुस्तकांतून.
खिचडीला जायचं? पुस्तकांतून.
आणि दंगा केला म्हणून ज्याला वर्गाबाहेर काढलं,
तो उभा कुठं राहणार, सांगा बरं.

दरसूचीत खडी होती, वाळू होती,
शौचालयाचं भांडंही होतं,
प्राथमिक शाळेचं वाचनालय नव्हतं.
रात्री दोनपर्यंत पानं चाळली.
शेवटी अंदाजपत्रकात लिहिलं:
मार्गिका, रुंदी सहा मीटर.
जळगावहून साहेबांचा फोन आला,
एवढी रुंद कशाला, हत्ती जाणार आहेत का?
म्हटलं, साहेब, पोरं एकदम सुटतात.
मंजूर.

मार्च लागला की आमच्याकडं
खिडकी म्हणजे भट्टीचं तोंड.
कादर मिस्तरी म्हणाला,
धाब्याच्या घरात उजेड कुठून येतो? वरून.
सानं ठेवा.
तीन सानी ठेवली छताला.
सकाळी उजेड पहिलीच्या बाजूला पडतो,
सुटायच्या सुमाराला चौथीच्या भिंतीवर चढतो,
आणि पोरं बसल्या बसल्या
त्याच्यामागं सरकत जातात.
हे नकाशात नव्हतं.

मांडणीची उंची मी लिहिली होती साडेपाच फूट,
कपाटाची असते तेवढी.
बाईंनी पहिलीतली जमुना बारेला भिंतीला उभी केली.
हात वर कर गं.
तिनं दोन्ही केले,
कुणी उचलून घेणार असल्यासारखे.
कादरनं बोटांच्या टोकाशी गेरूची रेघ मारली.
रेघेच्या वर एकही फळी नाही.

पहिला आठवडा पोरं चपला हातात घेऊन
कडेकडेनं गेली,
न बोलावलेला माणूस पंगतीतून जातो तशी.
मग एक जण थांबला. उघड्या पानावर बोट ठेवून म्हणाला,
बाई, काय लिखेल शे आठे?
बाई म्हणाल्या, माझा चष्मा सापडत नाहीये रे,
तूच बघ.
चष्मा नाकावर होता.

मला निवृत्तीला अकरा दिवस उरले होते
तेव्हा तपासणीचा शेरा आला:
"मार्गिकेत विद्यार्थी ठिकठिकाणी बसलेले आढळले.
ये-जा करण्यास अडथळा होतो.
खुलासा करावा."

खुलासा करायला जागा बघावी लागते.
गेलो.
दुपार होती, उजेड मधोमध आलेला.
पुस्तकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या,
एका फळीवर कुणीतरी अर्धा पेरू ठेवलेला.
गेरूच्या रेघेखाली जमुना बसली होती,
तिसरीतली आता, पाय लांब पसरून,
ओठ हलवत.
मी टेप काढला, सवयीनं. रुंदी सहा मीटरच भरली.
तिच्यापाशी पोचलो आणि थांबलो.

तिनं वर पाहिलं नाही.
पानावरचं बोट तसंच ठेवून
नुसते पाय आखडून घेतले,
मला जाण्यापुरते.