आगाऊ छापलेला फ्लेक्स

दुकानाच्या मागे, गुंडाळी करून, भिंतीला टेकून
उभा आहे दहा बाय सहाचा फ्लेक्स.
'आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल चषक : विजेते'.
अकरा पोरं, मधोमध प्राचार्य,
आणि खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत,
शुभेच्छुक म्हणून मी.

शुक्रवारी रात्रीच छापला होता.
बायको म्हणाली, बाळंतपणाआधी बारसं कशाला?
म्हटलं, शाई सुकायला वेळ लागतो.

मी काही खेळाडू नव्हे.
एफवायला नापास होऊन या कॉलेजातून निघालो
तो फक्त रस्ता ओलांडला,
झेरॉक्सच्या मशीनमागे उभा राहिलो.
बावीस वर्षं.
एवढ्यात पाच प्राचार्य झाले,
चषक एकही नाही.
'आपण हरलो' म्हणतो खरा,
पण त्या 'आपण'ची फी मी कधी भरली?
पावती मागितली कुणी, तर दाखवायला नाही.

वेंगुर्ल्याचं कॅम्पाचं मैदान. समोर कुडाळवाले.
विसाव्या मिनिटाला त्यांच्या एका काडीपैलवानाने
फ्री किक अशी वळवली
की चेंडू भिंतीला वळसा घालून आत,
जणू पत्ता विचारत आला आणि घर सापडलं.
माझ्या हातांनी टाळी वाजवली.
मला कळायच्या आत.
मग मी हात खिशात घातले,
आजूबाजूला पाहिलं.

गिरपांच्या तुषारने बरोबरी केली.
आम्ही नाचलो. चप्पल तुटली.

आणि शेवटची तीन मिनिटं राहिली असताना
एक साधा, सरपटता चेंडू,
मांजर उंबरठा ओलांडतं तसा सावकाश,
सायमनच्या पोटाखालून गेला.

मी ओरडलो,
"हात मोडले काय रे तुझे, मेल्या?
जमणा नाय तर उभो कित्याक रवलंस?"
नेमका तेव्हाच भोंग्याचा करंट गेला.
सगळ्या मैदानाने ऐकलं.
त्यानेही.

घरी येताना तुटक्या चपलेने फरफटत
मी रेफ्रीला शिव्या दिल्या, कोचला दिल्या,
जांभ्या दगडाच्या त्या उंचसखल जमिनीला दिल्या.
रात्री जेवलो नाही, मग बाराला उठून
फ्रीजमधलं थंडगार तिखलं खाल्लं.
आणि खरं सांगू?
कुठेतरी, अगदी आत, सुटल्यासारखं वाटलं.
जिंकलो असतो तर सोमवारी
कशाची वाट पाहिली असती?

सोमवारी तो आला.
सायमन आल्मेडा, एसवाय बीकॉम.
मार्कलिस्टच्या दोन प्रती.
कोपरांवर लाल मातीची खपली.
मशीनचा उजेड इकडून तिकडे गेला,
मी त्याच्याकडेच बघत राहिलो, म्हणजे उजेडाकडे.
काहीतरी बोलायचं होतं.
"स्टेपल करू?" एवढंच आलं.

तो म्हणाला,
"काकानू, तो फ्लेक्स रिकामो आसा काय?
पप्पांच्या होडयेक झाकूक होयो."

कुणी सांगितलं त्याला?
अख्ख्या गावाला माहीत असणार.
मी काढून दिला. पैसे नको म्हटलं.
झेरॉक्सचे चार रुपये मात्र त्याने मोजून ठेवले,
सुटे,
आणि गुंडाळी खांद्यावर टाकून गेला.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं.
मांडवीच्या खाडीकडे सहज गेलो. सहज म्हणजे मुद्दाम.
होडी वाळूत उपडी.
वर अकरा पोरं हसताहेत,
छापलेली बाजू वर,
लपवायचं काही नाही असं.
सायमनचं तोंड नाळेपाशी, थोडं सुरकुतलेलं,
त्यावर एका कावळ्याने आधीच शेरा दिलेला.
प्राचार्य अर्धे काठाखाली.
माझं नाव शोधलं.
ते कोपऱ्यात, दोरीखाली, गाठीत गेलेलं.

गाठ ओढून पाहिली.
हलली नाही.
हात मोडलेले नव्हते पोराचे.