शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं राणीच्या बागेत
मी चाऱ्याची वही लिहिली.
पाणघोडा, नर, एक: हिरवा मका चाळीस किलो,
कोंडा, केळी, मीठ.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे बहुतेक दिवस निरंक.

निरोपाला शाल, नारळ आणि घड्याळ मिळालं.
(आता कुठे वेळेवर पोचायचंय, कुणी सांगितलं नाही.)
फंड हातात आला. भावजय म्हणाली, काशी करून या.
मी पिवळ्या तापाची लस टोचून घ्यायला गेले.
रांगेत सगळे खलाशी.
एकाने अदबीने विचारलं,
‘मावशी, कुठल्या बोटीवर?’

शेवटचं विमान सहा खुर्च्यांचं.
सामानासकट काट्यावर उभं केलं मला.
ब्याऐंशी किलो, वैमानिकाने वहीत टिपलं.
जन्मात पहिल्यांदा
दुसऱ्या कुणी माझी नोंद केली.

कटावी. टांझानियातच आहे,
पण टांझानियातही विचारत जावं लागतं.
जुन्या काथ्याच्या रंगाचं गवत,
उन्हाने चाटूनपुसून संपवलेली नदी,
गाडीत बोरिवलीचे पिंगुळकर नवरा-बायको
आणि सिंह नसलेले तीन दिवस.
सिंह कालच इथून गेला, असं कळायचं.
सिंह नेहमी कालच गेलेला असतो.
पिंगुळकर मोबाइलवर भागाकार करून बघत,
एका झेब्र्याला किती पडले.

चौथ्या सकाळी वळणावर चिखल हलला.
चिखल नव्हता तो.
एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकलेले,
भेगाळलेले, कुरकुरणारे
दोनशे, नाही, तीनशे पाणघोडे.
माझा हात पर्समध्ये पेन शोधू लागला.
तीनशे गुणिले चाळीस.
बारा हजार किलो. रोज. कंत्राटदार कोण?
आणि तोंडातून निघूनच गेलं,
‘ह्यांना खायला कोण घालतं?’

आमचा वाटाड्या म्वाकालिंगा हसला नाही.
म्हणाला, रात्री आपले आपण जातात.

मग एकाने शेपटी पंख्यासारखी फिरवली,
शेण उडालं झुडपावर, बगळ्यावर, शेजाऱ्याच्या तोंडावर,
पिंगुळकरबाईंनी पदर नाकाला लावला
आणि मी हसत सुटले, डोळे गळेपर्यंत.
ह्याच्यासाठी आमच्याकडे भिंत रंगवायची निविदा निघे,
तीन दरपत्रकं, मोठ्या साहेबांची सही,
आणि पुन्हा आठ दिवसांत भिंत जैसे थे.

त्या रात्री तंबूशेजारी कुणीतरी गवत उपटत होतं,
सावकाश, जुनी फाईल फाडावी तसं.
आपले आपण जातात.
किती खाल्लं, मी मोजलं नाही.

परवा बागेत गेले.
पहिल्यांदाच तिकीट काढून.
पेंग्विनकडे झुंबड; पाणघोड्याकडे
एक मुलगा आणि त्याचा घाईतला मामा.
‘हा आफ्रिकेचा ना?’
‘हो,’ मामा म्हणाला.
राहवलं नाही. ‘नाही रे बाळा,
हा भायखळ्याचा.
श्रावणातला जन्म, पहाटेचा.
आई चिंगी. नोंद माझ्या हातची आहे.
शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी लिहिलं होतं मी:
पितो आहे.’

मामाने मुलाला पुढे ओढलं.

कटावीच्या चिखलाचे बूट
मी अजून धुतले नव्हते, तेच घालून गेले होते.
कशासाठी, ते विचारू नका.
कठडा आता बराच मागे घेतलाय,
एवढ्या लांबून वास पोचत नाही.

तो पाण्याखाली गेला.
मी निरोपाच्या घड्याळात बघत राहिले.
चार मिनिटं, दहा सेकंद.
नाकपुड्या वर आल्या, कान झटकले,
आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

निरंक.