तिसरा टक

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला.
सकाळी त्यावर बशीएवढा डाग, लाल.
इंजिनाचं ऑइल असतं तर तपकिरी असतं.
बोटावर घेऊन हुंगलं:
करपलेला पाव.

बाहेर उणे सव्वीस. एव्हलेथच्या खाणीकडून
बर्फावर तांबूस धूळ येऊन बसलेली.
हिल्का निस्काला हातमोजे न काढता म्हणाली,
"ताशी पंचेचाळीस मैलांवर थरथरते,
जणू रस्त्यालाच कुणी जाड शिवण घातलीय.
आर्विद म्हणायचा, सील आहे."

गंजलेल्या बोल्टांनी दुपार खाल्ली.
गिअरबॉक्स खाली उतरला, आणि घंटेसारख्या तोंडाच्या आत,
जिथे मेकॅनिकशिवाय कुणी पाहत नाही, पांढऱ्या पेनाने:
सील, ऑक्टोबर.
सील, मार्च.
सील, पुन्हा.
तिसऱ्या ओळीतली अक्षरं उतरणीला लागलेली.

सील बिचारं गरीब होतं.
कन्व्हर्टरच्या मानेवर चर पडलेली, नख अडकेल एवढी,
बुश झिजलेलं, आणि मान
फिरता फिरता डुलत होती.
तिथे नवं सील बसवणं म्हणजे
डुगडुगत्या टेबलाखाली दर महिन्याला
कागदाची नवी घडी.

कन्व्हर्टर पालथा केला.
काळं तेल, त्यात चंदेरी चुरा,
मासे साफ केल्यावर मोरीत उरतो तसा.
हिल्का बघत राहिली.
"म्हणजे त्याचं चुकलंच होतं?"
मी म्हटलं, गळत सीलच होतं.
हे खरं आहे.
उरलेलं खरं मी बिलात लिहिलं,
सुट्या भागांच्या यादीत, किमतीसकट.

कूलरच्या नळ्या धुतल्या. नवं बुश, नवं सील.
नवा कन्व्हर्टर दोन हातांत धरून
हलके हलके फिरवत आत सरकवायचा.
टक. पहिले दाते.
टक. दुसरे.
तिसरा टक पंपाचा. तो आलाच पाहिजे.
न येता बोल्ट आवळले
तर पंप फुटतो, आणि दोष
पुन्हा सीलवरच जातो.

ती शेगडीजवळ कॉफी घेऊन उभी.
"बसला?"
"अजून एक राहिलाय."

घाई करणारे इथेच घाई करतात.
मी फिरवत राहिले, मनगट सैल ठेवून.
रेडिओवर वादळाची बातमी लागली, संपली.
तो आला तेव्हा कानाला कळलं नाही,
कोपराला कळलं.

त्याआधी आतली सगळी काजळी
रॉकेलच्या चिंधीने पुसून घेतली होती.
तेवढी एक हातभर जागा सोडून.
पेन माझ्या खिशात होतं.
चौथी ओळ मी लिहिली नाही.