डावी बाजू

जाहिरातीत लिहिलं होतं, चालू आहे.
तीन जिने चढून गेल्यावर झेनोबिउश म्हणाला,
"चालू म्हणजे, उजवीकडून."

वुच शहरात जानेवारी, उणे अकरा.
त्याच्या स्वयंपाकघरात डाखणाच्या राळेचा वास,
कोबीच्या पातेल्याशेजारी मल्टिमीटर,
आणि मेणकापडावर अठ्ठ्याहत्तर सालचा अ‍ॅम्प्लिफायर,
दोन्ही कुशींना अक्रोडाची फळी,
एका कोपऱ्यावर कुणीतरी सिगारेट विसरल्याचा डाग.

"व्हॉल्व्हवाले येतात, सुस्कारे टाकतात, जातात.
हा बापडा ट्रान्झिस्टरचा. उजळत नाही, मिरवत नाही.
सूतगिरणीतल्या बाईसारखा,
पाळीवर येतो, काम करतो, घरी जातो."
माझी आई गिरणीत होती. मी काही बोलले नाही.

झाकण निघालं. आत चाळीसेक वर्षांची धूळ,
मांजराच्या पोटासारखी मऊ.
ट्रान्सफॉर्मरवर पेन्सिलीने कुणाची तरी आद्याक्षरं.
दोन टोकं टेकवून त्याने मीटर माझ्याकडे वळवला.
"बारा मिलिव्होल्ट. स्पीकर जाळणार नाही.
एवढी हमी मी माझ्या जावयाचीही देत नाही."

मग खटका दाबला.
चार सेकंद काहीच नाही.
मग आतून,
टक्.
"हा टक् ऐकल्याशिवाय जुना अ‍ॅम्प घ्यायचा नाही, कधीच."

उजवा काटा उठला आणि नाचायला लागला.
डावा, उठावं की बसून राहावं या विचारात.
बटण फिरवलं की खरखर, वाळूत पाय ओढल्यासारखी.

"साडेसहाशे झ्वॉटी. डावं मेलंय, म्हणून पाचशे."

तेव्हा मी सांगितलं
की सहाव्या वर्षी गालगुंड झाले
आणि डावा कान तेव्हाच गेला.

त्याने टेबलावर थाप मारली.
"मग हा तुझ्यासाठीच बिघडलाय की!
चारशे दे आणि ने!"

नाही, म्हटलं. साडेसहाशेच घ्या. डावं दुरुस्त करा.

"कशाला? ऐकणार कोण?"

"कान नाही," मी म्हणाले,
"पण खोलीला डावी बाजू आहे ना."

त्याने चष्मा चढवला, माझ्याकडे नाही, अ‍ॅम्पकडे बघायला.
खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यातून एक ट्रान्झिस्टर शोधला,
दोन कपॅसिटर बदलले, तिसऱ्याला शिव्या दिल्या.
मध्येच मला कोबी वाढला. मीठ जास्त होतं.

काळोख पडल्यावर डावा काटा हलला.
"आता?" त्याने विचारलं.
मला काय कळणार? तुम्हीच सांगा.

तो डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.
"व्हायोलिन खिडकीपाशी आहे.
गाणारी नळाजवळ.
आणि कुणीतरी, डावीकडे, अगदी मागे,
खुर्ची सरकवतंय. हे मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं."

निघताना जिन्यावरून ओरडला,
"घरी गेल्या गेल्या लावू नकोस!
गारठ्यातून आला की आत दंव धरतं.
रात्रभर बसू दे त्याला."

ट्रामभर अकरा किलो मांडीवर.
घरी दिवा लावला, घोंगडी सोडली,
ओव्हरकोट न काढताच समोर बसले.

साडेतीनला हात लावून पाहिला.
पत्रा अजून गार.
परत बसले,
खुर्ची जराशी
डावीकडे सरकवून.