पहाटेचा तास

ओमानी टोपीला कुम्मा म्हणतात.
नक्षीत दाभणाने पाडलेली बारीक भोकं,
प्रत्येकाच्या कडेने दोरा फिरवायचा,
मुंगीच्या तोंडाएवढं वर्तुळ.
एका कुम्म्यात अशी किती, मी कधी मोजली नाहीत.
मालक मोजतो.

गेल्या शाबानपासून सकाळी बोटं उघडत नाहीत.
फजरच्या वेळी नळ मी मनगटांनी ढकलते.
वजूचं पाणी कोपरापर्यंत जातं,
मूठ मात्र आतून सुकीच राहते.

मत्रहच्या फार्मसीवाल्याने पांढऱ्या गोळ्या दिल्या.
चार दिवसांत बोटं पळायला लागली
आणि तोंड भाकरीसारखं फुगलं.

मग रुवीचा दवाखाना. डॉक्टर शमसा.
तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली,
माझेच हात, कातडीशिवाय.
बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाली,
तुम्हाला काय हवंय?

मी मागे वळून पाहिलं.
एकवीस वर्षं या मुलखात
मला विचारून काही ठरलं नव्हतं:
मजुरी नाही, तिकिटाची तारीख नाही,
पासपोर्ट कुणाच्या कपाटात, तेही नाही.
म्हटलं, डॉक्टर तुम्ही. तुम्ही लिहाल ते.

तिने पेन खाली ठेवलं.
औषधाचं मला कळतं, म्हणाली,
तुमच्या दिवसाचं तुम्हाला.
दिवसातला कुठला तास आधी परत हवा?

आता याला काय सांगायचं?
मी दुखणं घेऊन आले होते, घड्याळ नव्हे.
बाहेर टोकनचे आकडे पुकारत होते.
ती थांबली.

पहाटेचा, म्हटलं.
वजूचा, आणि लगेच नंतरचा,
हर्णैहून तस्नीमचा फोन येतो तो.
फोन धरवत नाही. गादीवर ठेवून वर वाकते.
ती म्हणते, अम्मी, तुझं नुसतं कपाळ दिसतं.

आणि कुणी विचारलं नसताना हेही बोलून गेले:
आधीच्या डॉक्टरांच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या,
दोनदाच घेतल्या. बाकीच्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.
दुसरा अख्खा दिवस मळमळ,
आणि माझी मजुरी नगावर.

वाटलं, रागावेल.
तिने कागदावर मधोमध रेघ ओढली.
इकडे त्याच गोळ्या, थोड्या कमी, जोडीला एक पिवळी.
तिकडे तेच औषध सुईतून,
पोटाच्या कातडीखाली, आपलं आपण टोचायचं.
मळमळ कमी होईल, कदाचित.
‘कदाचित’ ती दोनदा म्हणाली.
यकृतासाठी रक्त तपासायचं, रेघेच्या दोन्ही बाजूंना.
तिसरं, महागडं, आहे,
पण विम्याचं कार्ड ते आज देणार नाही,
हेही तिने झाकलं नाही.

सुईपाशी तिचा आवाज खाली आला.
स्वतःला टोचायला बायका घाबरतात, म्हणाली.

मला हसू फुटलं.
डॉक्टर, सुईनेच तर पोट भरते मी.

मग तीही हसली, आणि वार मला ठरवू दिला.
गुरुवार रात्र. शुक्रवारी दुकान बंद असतं.
तीन महिन्यांनी पाहू, म्हणाली, नाही जमलं तर बदलू.
त्या ‘पाहू’त मीही होते.

काल सातवा गुरुवार झाला.
नळ अजून मनगटानेच उघडतो.
पण आज तस्नीम म्हणाली,
अम्मी, हलू नकोस,
हनुवटी दिसतेय.