साडेबावीस

रेवणकरांनी मापाचा जुडगा काउंटरवर टाकला,
किल्ल्यांसारखा वाजला.
मग इनासचा हात हातात घेऊन
वांगं किडकं आहे का बघावं तसा
उलटासुलटा केला.

बावीस पेराशी अडली.
तेवीस गेली, आणि गरगर फिरत राहिली.
बाहेर मे महिना, आत एसी अठरावर.
"हे बोट थंडीतलं आहे," रेवणकर म्हणाले,
"दहा मिनिटं फुटपाथवर उभे राहा.
चहा घ्या. बोटाला मुंबई लागू दे.
मग बघू."

ठाकुरद्वारच्या नाक्यावर आम्ही दोघं,
हातात कटिंग,
बोट सुजायची वाट बघत.
लग्नाच्या खरेदीत हेही असतं,
कुणी सांगितलं नव्हतं.

इनासचं बोट तसं एक नाहीच.
पहाटे ससून डॉकला, बर्फाच्या कारखान्यात,
ते आकसून पेन्सिल होतं.
दुपारी घरी वरणभात खाऊन झोपलं
की उठताना जाड आणि आळशी.
नोंदणी कार्यालयात यातलं कुठलं येणार,
त्यालाही सांगता येईना.

मी म्हटलं, सैलच घेऊ.
मी कॅज्युअल्टीत अकरा वर्षं आहे.
अंगठी कापायचं एक लहानसं यंत्र असतं आमच्याकडे,
दातेरी चाक, खाली पातळ जीभ.
जीभ अंगठीखाली सरकवायची
आणि चावी फिरवत राहायची.
सोनं लगेच हार मानतं. स्टील वेळ खातं.
गेल्या दिवाळीत एक बाई आली, हात दारात सापडलेला,
बोट जांभळं, तरी मूठ उघडेना.
"आधी यांना विचारा," म्हणत होती.
हे जाऊन तीन वर्षं झाली होती,
ते तिच्या सुनेनं बाहेर नेऊन सांगितलं.
कापलेली अंगठी आम्ही गॉजमध्ये गुंडाळतो,
पाकिटावर नाव, वेळ, सही.
मला तुझं पाकीट करायचं नाहीये, इनास.

तो कपातल्या तळाशी बघत म्हणाला,
सैल नको.
बस्त्याव, त्याचा धाकटा भाऊ,
लग्नाला सहा दिवस झाले होते.
लादी ढकलताना अंगठी कधी निसटली कळलंच नाही.
बर्फ फुटला, खोक्यांत भरला, बोटी गेल्या.
कुठल्या सुरमईच्या शेजारी जाऊन वितळली ती लादी,
कुणास ठाऊक.
त्या रात्री बस्त्याव डाव्या हातानं जेवलाच नाही,
म्हणजे तसा कोण जेवतो,
पण हात खिशातून बाहेर काढलाच नाही त्यानं.
आईनं विचारलं, पँटला भोक पडलंय का रे?

चहा संपला. घाम आला.
आत गेल्यावर रेवणकरांनी आमची दोन्ही भांडणं ऐकून घेतली,
चष्मा पुसला, जुडग्यातून एक कडी शोधली.
पेराशी ती थांबली.
त्यांनी किंचित वळवली, जशी जुनी कडी दाराची वळवतात,
आणि गेली.
"जाताना थोडी कुरकुर हवी. आत गेली की मोकळी.
साडेबावीस.
अर्ध्याचे वेगळे पैसे घेत नाही मी."

मग माझ्याकडे वळले.
मी म्हटलं, ड्यूटीवर अंगठी चालत नाही,
हातमोजे फाटतात.
माझी गळ्यातच राहील साखळीत.
माप कशाला?

"मग सुट्टीच्या दिवसाचं बोट दाखवा," म्हणाले.

मी हात पुढे केला.
स्पिरिटचा वास त्यांनाही आला असणार.
बारा. एकदम बारा, कुरकुर न करता,
याचंच मला जरा वाईट वाटलं.

पावतीवर दोन आकडे, खाली शुक्रवार, चारनंतर.
बाहेर पडलो तेव्हा इनासच्या बोटावर
मापाच्या कडीचा तांबूस वळ होता.
चर्नी रोडच्या पुलापर्यंत
त्यानं तो हात खिशात घातला नाही.